बोट सोडल्यावर

मी तंजावुरात घरी बसून एका ब्राउझरच्या इंजिनावर काम करते. पडद्यावरचं पान बोटानं सरकवून सोडलं की ते कुठं थांबावं, एवढंच माझं खातं. एवढंच म्हणायचं, आणि त्यावर आम्ही आठवडेच्या आठवडे भांडतो.

तिरुवैयारूची मावशी गेल्यापासून बारशाचा पाळणा म्हणणारी आमच्यात आईच उरली. पापनाशमला मावसबहिणीच्या मुलीचं बारसं ठरलं. आईला पाळणा सगळा पाठ नाही, म्हणून त्या मावसबहिणीनं तो वेबपानावर घातला. एका कडव्याला एक कार्ड म्हणजे चौकट, बोट सोडलं की पान कार्डाच्या माथ्याशी येऊन थांबणार; भाषा मराठी, अक्षरं तमिळ, कारण आईला देवनागरी येत नाही. मोतीबिंदू काढल्यापासून ती अक्षर भोपळ्याएवढं करून वाचते. शेवटचं कडवं लांब, ते पडद्यात मावेना. खालच्या ओळी वर ओढून बोट सोडलं, की पान टुणकन मूळ जागी!

"मग बोट धरून ठेव ना," मी म्हटलं.

"एका हातांत फोन, दुसऱ्यांत पाळण्याची दोरी. तिसरा हात कुठून आणूं गे?" मग हळूच म्हणाली, "माझाच हात बिघडलाय. अक्काचंही हातापासूनच सुरू झालं होतं. तुझ्या मावसबहिणीला सांग, पाळण्याला दुसरी कुणी बघ."

अक्का म्हणजे गेलेली मावशी; तिचं दुखणं हात थरथरण्यापासूनच सुरू झालं होतं, हे खरंच होतं.

फोन संगणकाला जोडून बसले. नियम असा, की कार्ड पडद्याहून उंच असेल तर वाचणाऱ्याला आत कुठंही थांबू द्यावं. आमचं इंजिन नियम पाळत होतं, पण उंची धरत होतं अक्षर वाढवण्याआधीची. कार्ड वाढलं तरी याच्या लेखी ते तेवढंच! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. चूक आमची, आणि बोल आईच्या हाताला. असा संताप आला की काय सांगू.

दुरुस्ती लिहून पाठवली. ती तपासणाऱ्या परदेशी सहकाऱ्यानं विचारलं, "इतकं मोठं अक्षर कोण ठेवतं?"

"माझी आई," मी लिहिलं. पुढं आणखी चार शब्द लिहिले होते, ते खोडले.

दुरुस्ती मंजूर झाली, पण सगळ्यांच्या फोनवर पोचायला वेळ लागणार आणि बारसं तोंडावर आलेलं. म्हणून दुरुस्त केलेला ब्राउझर मीच आईच्या फोनवर घातला.

तिनं शेवटचं कडवं वर ओढलं. बोट उचलायला धजेना.

"सोड गं."

सोडलं. पान तिथंच राहिलं. तिनं पुन्हा ओढून पुन्हा सोडून पाहिलं.

"म्हणजे हात माझा चांगला आहे?"

"अगदी चांगला आहे, आई."

"अय्यो! आणि मी रोज उठून आधी हाताकडे बघत होतें." ती रडायलाच लागली. मग डोळे पुसून मावसबहिणीला फोन लावला आणि तमिळमध्ये ठणकावलं, की पाळणा मीच म्हणणार.

बारशाला तिनं तो शेवटच्या ओळीपर्यंत म्हटला. बाळ झोपलं, बायका जेवायला उठल्या, तरी दोरी काही तिनं कुणाच्या हाती दिली नाही.