दहिवरातला कापूस

त्या सकाळी पिंगळीच्या रानात कोन कोन व्हतं, ते आधी सांगते. मी कोंडाबाई, टोळीची मुकादम. माझी जाऊ गया. सुभद्रा, छबू आन् म्हातारी रुक्मिन. मालकाची दोन लेकरं, बबलू सोळा वर्साचा आन् पिंकी चौदाची. आन् मुंबईहून आलेले टीव्हीवाले तिघं. मालक सोता परभणीला गेल्ते.

धुकं गुडघ्याएवढं व्हतं. पोरं घाई करायली, "चला, येचायचं चालू करा."

"आत्ता न्हाई," मी म्हनलं. "दहिवर उतरू द्या."

मुकादम म्हंजी बाया गोळा करनारी आन् मालाची जिम्मेदारी घेनारी. दहिवर म्हंजी बोंडावर बसलेलं रातचं पानी. वला कापूस गंजीत गेला की आतून तापतो, पिवळा पडतो. म्हनून ऊन चढल्याबिगर आमी बोंडाला हात लावत न्हाई. मालकानं पहिल्याच दिवशी सांगितल्तं, "वला कापूस आत आला तर टोळी बदलीन."

शहरांच्या नामांतराची गडबड चालू व्हती त्या वक्ताची ही गोष्ट. टीव्हीचा कार्यक्रम असा, की पैसेवाल्यांची शहरात शिकनारी पोरं एक दिवस मजुरी करनार, ते जसंच्या तसं दाखवायचं. "नाटक नाही मावशी, सगळं खरं," त्यांचा साहेब म्हनला.

पिंकीनं गयाच्या कमरंची ओटी पाहिली. ओटी म्हंजी कापूस भरायची झोळी. "मला हिचीच पाहिजे. जुनी आहे, छान दिसते." गयानं सोडून दिली.

बबलू मला म्हनला, "रान आमचं हाय ना? मग दहिवरबी आमचंच."

"मग सांग बाबा त्याला, जरा लवकर उठ म्हनावं," गया म्हनली. बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

क्यामेरावाला बिचारा गरीब बोलायचा. "मावशी, हा उजेड अर्ध्या घंट्यात जाईल. तुमी एकदा यातून बघा तर."

मी डोळा लावला. रान ढगावर ठेवल्यागत दिसायलं. बोंडं जमिनीला लागलेली न्हवतीच, नुसती तरंगायलेली. मधी एक बाई उभी. कोन हाय म्हनून मी बगत राहिले, तर ती गया. वीस वर्सं एका चुलीवर भाकरी केल्या आमी, पन असं तिच्याकडं मी कवा पाहिलंच न्हवतं.

मला भूल पडली. मी म्हनलं, "एक पात, एकच ओळ येचा. पन तो कापूस अलग ठेवायचा."

येचनी चालू झाली. धुक्यात हात तेवढे हलायलेले. पानी बोटावरून कोपरापतूर यायलं, पन गार हाय हेबी ध्यानात न्हवतं. पोरं अर्ध्या पातीलाच कंटाळली. पिंकी म्हनली, "माझे हात खरचटले. आता कापसात उडी मारायचं शूटिंग घ्या." आन् वल्या कापसाचं गठुडं घेऊन पोरं आखाड्यावर, कापूस ठेवायच्या कोठ्याकडं पळाली, टीव्हीवाले त्यांच्या मागं.

मी पोचले तवा वला कापूस सुक्या गंजीवर उपडा झालेला. दोघं वरून उड्या मारायलेली. दारातून पहिलं ऊन आत आलेलं, त्यात कापूस उडायलेला, लय हळू. मी दारातच थांबले. वरडायचं सोडून बगत राहिले.

मग सुद आली. "अरं, वला कापूस कुठाय?"

"ह्यातच हाय कुठंतरी," बबलू म्हनला. "शोध की. काम तुझंच हाय ना?"

जितका घावला तितका काढला. दुपारी टीव्हीवाल्यांची जीप पोरांना घेऊन निघून गेली.

तिसऱ्या दिवशी मी गंजीत कोपरापतूर हात घातला. ताप आलेल्या लेकराच्या पोटावानी गरम लागलं.

गया म्हनली, "सांगू नको, बाई. पोरांनी केलंय. टोळी जाईल आपली."

"पोरं गेली. हो तर म्याच म्हनलं ना?"

मालकाला सांगितलं. ते म्हनले, "पोरंच हायत ती. तू मुकादम हायस का न्हाई?"

"हाय."

"मग?"

"मग गलती माझी. बायांना काढू नका."

ते म्हनले, "उद्यापून मुकादम गया."

दोन दिवस गंजी उन्हात पसरून आमी पिवळा कापूस हातानं निवडला. लय माल वाचला. टोळी राहिली. मी गयाच्या हाताखाली येचायला लागले.

पुढं मालकाच्या अंगनात बसून आमी तो कार्यक्रम पाहिला. पिंकी ओटी दाखवून म्हनायली, "हे सगळं मी वेचलं." आमचे नुसते हात दिसले. छबू वरडली, "आगं, ती माझी बांगडी!" समदे हसले. पन रान लय सुंदर दिसलं, खोटं कशाला बोलू.

मला एवढं कळलं, की चांगलं दिसतं म्हनून कामाची येळ बदलत न्हाई.

वाचनाऱ्याला एकच इनंती. कोनाच्या कामाचं चित्र काढायला गेलात, तर ते काम कवा चालू करायचं असतं हे त्याला आधी इचारा. आन् तवर गपचिप बांधावर बसा.