सागरचा उलटा पाय

परत तेच, पेडल पाहिजेत. अरे, कॉम्प्युटरवर विमान उडवायला हातातलं योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, बस झालं की, पायाला पेडल कशाला? मस्कतहून धाकट्या भावाशी, सागरशी, माझं हेच भांडण चाललंय.

आज त्याने राई गावातल्या आमच्या घरून व्हिडिओ कॉल केला. मित्राचे पेडल आणलेले. उजवीकडे वळायला त्याने डावा पाय दाबला, विमान धावपट्टीबाहेर.

"उलटा दाबलास रे."

"दादा, बाबांनी होडीवर असंच शिकवलं न्हाय का?"

सुकाणूचा दांडा पायाने डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे जाते. बाबा खाडीत गेले ते परत आलेच नाहीत. पण आज स्क्रीनवर त्यांचाच पाय होता, तसाच वळलेला अंगठा.

सिम्युलेटर ग्रुपवाल्यांनो, कुठले पेडल घट्ट असतात ते सांगा. सागरला अठरा हजार रुपये पाठवतोय.