एकतीसनंतरची एक तारीख

आमच्या गावच्या मेन रोडवर सम-विषम पार्किंगचा नियम मीच काढला, आणि एकतीस तारखेनंतर एक तारीख येते हे मीच विसरलो.

विषम तारखेला गाड्या बँकेच्या बाजूला, सम तारखेला दवाखान्याच्या बाजूला. व्यापाऱ्यांच्या बैठकीत मी उभं राहून हे सांगितलं, तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. डोलावणारे कोण, तर ज्यांच्या स्वतःच्या गाड्या सकाळी दुकानाच्या पायरीला लागतात त्या शटर पडल्यावरच हलतात, आणि जे दिवसभर "गिऱ्हाइकाला गाडी लावायला जागाच न्हाई हो" म्हणून गळा काढतात, ते. मीही त्यातलाच. माझं कापडाचं दुकान आहे. नियमाचा बोर्ड तीन भाषांत रंगवला, आणि महिन्याभरात त्यावर कुण्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा बॅनर चढला. तिन्ही भाषा एकदम झाकल्या. एवढी समानता आमच्याकडं फक्त बॅनरच आणू शकतो.

त्या दिवशी एक तारीख होती. लेकीला अकराच्या आत कडगंचीच्या विद्यापीठात मूळ कागदपत्रं दाखवायची होती; नाही दाखवली तर तिची सीट दुसऱ्याला. फाईल मी स्वतःच्या हातानं स्कूटीच्या सीटखाली ठेवली. तिला मागं बसवून निघालो आणि वाटेत तिचे फोटो घ्यायला मेन रोडला थांबलो. काल गाडी बँकेकडं लावली होती, म्हणून आज ऐटीत दवाखान्याकडं लावली. या गावात नियम पाळणारा एकटा मीच, असंही मनात म्हणून घेतलं.

फोटो घेऊन आलो तर स्कूटी गायब. पोलिसांच्या टेम्पोनं उचलून नेलेली.

ठाण्याच्या आवारात माझ्यासारख्याच चार-पाच शहाण्यांच्या गाड्या उभ्या होत्या. ज्यांनी जन्मात बोर्ड वाचला नव्हता, त्यांच्या गाड्या बँकेपुढं कालपासून सुखात होत्या.

"माझी गाडी कामून उचलली?" मी हवालदाराला विचारलं.

"आज विषम हाय, अण्णा."

"विषम काल होतं."

"काल एकतीस, आज एक. दोनी विषमच की. मोबाईल बघा."

मी बघितला.

"आसला नियम कुणाच्या टकुऱ्यातनं निघाला काय म्हाईत," तो म्हणाला. लेकीनं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागलो.

साहेबांच्या सहीशिवाय गाडी सुटणार नव्हती, आणि साहेब बाराला येणार होते. घड्याळात सव्वादहा. मी या गावाचा मान्यवर वगैरे आहे, असं काहीतरी सुरू केलं. हवालदार दुसरीकडं बघत दात कोरत राहिला.

"काका, गाडी ऱ्हाऊ द्या," लेक त्याला म्हणाली. "सीट तेवढी उघडू द्या. माझे कागद हायत त्यात."

त्यानं लगेच मान डोलावली. तिनं माझ्या हातातली किल्ली घेतली, फाईल काढली आणि स्टँडकडं चालू लागली. कडगंचीवरून जाणारी कलबुर्गीची बस निघायच्या बेतात होती. मीही धापा टाकत मागं गेलो. ती चढली, तसा मी दाराची दांडी धरली आणि म्हणालो, तिथं काही अडलं तर मी असलेला बरा.

तिनं पायरीवरूनच हात आडवा धरला.

"अप्पा, तुमी घरला जावा. तुमी संगं आलाव तर मला काय सीट मिळत न्हाई."