बोटाची टोपी

माझ्या पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी बाबा तीन महिन्यांसाठी माझ्याकडे जर्मनीत, कार्ल्सरूहेला आले. जन्मभर पायमशीनवर कपडे शिवलेला माणूस, स्वस्थ कसा बसणार? दोन दिवसांत माझे सगळे पडदे उसवून त्यांनी हाताने पुन्हा शिवले.

एका सकाळी त्यांचे मोजे धुवायला घेतले, तर आत हळदीचे डाग. पाय दाखवायला लावला. उजव्या पायाच्या एका बोटाला त्यांनी सुती कापडाची सुबक टोपी शिवून घातली होती. टोपीखाली बोट काळं पडलेलं. मधुमेह असताना आठ दिवस लपवलं होतं! माझं डोकंच फिरलं. मी वाट्टेल ते बोलले आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

डॉक्टर म्हणाले, बोट काढावं लागेल, नाहीतर पाय जाईल. बाबांनी साफ नकार दिला. बोट गेल्यावर मशीन कशी चालवणार, एवढंच त्यांचं म्हणणं.

मी तंबाखूच्या रोपांवर काम करायचे. लॅबमधून पान बाहेर आणायला बंदी, म्हणून त्या संध्याकाळी त्यांना फोनवर दोन फोटो दाखवले. एका पानावर तपकिरी ठिपके, बाकी पान हिरवंगार. विषाणू शिरला तिथल्या पेशी आपणहून मेल्या होत्या आणि रोग तिथेच अडला होता. हे मरण घडवायला पेशीत प्रथिनं कापणारं एक एन्झाइम असतं. एरवी ते बंद असतं, वेळ आली की कामाला लागतं. दुसऱ्या रोपात आम्ही ते बनूच दिलं नव्हतं. त्याच्या पानांवर ठिपका नव्हता, पण विषाणू सगळीकडे पसरला होता.

बाबांनी दोन्ही फोटो आलटून पालटून पाहिले.

"म्हणजे कात्री नव्हती म्हणून अख्खं रोप गेलं," ते म्हणाले.

"गेनाऊ," मी सवयीने जर्मनमध्ये म्हणाले, "अगदी बरोबर."

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात मी त्यांना संमतीचा कागद मराठीत वाचून दाखवला. त्यांच्या वतीने सही करायला पेन माझ्याच हातात होतं. त्यांनी ते काढून घेतलं.

"सही मी करतो. उद्या काही बिनसलं, तर तुला जन्मभर लागून राहील."

एवढं भांडले होते मी त्यांच्याशी. मला फार लाज वाटली, आणि त्यांचा हात सोडवेना.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले, तेव्हा ते डोळे मिटून पडले होते. झोपलेत असं वाटून मी हळूच खुर्ची ओढली. तेवढ्यात पांघरुणाखाली उजवा पाय हलताना दिसला. चवडा, टाच, चवडा, टाच.

"चालेल मशीन," ते डोळे न उघडताच म्हणाले.