उन्हात ठेवलेले सेल
रिमोटचे सेल उतरले की बायको ते उन्हात ठेवते. आज तिनं तापलेले सेल हातात दिले आणि धनज गावातलं आमचं रेडिओ मंडळ आठवलं. सत्तरच्या दशकात मंडळाचा एकच रेडिओ दर आठवड्याला नव्या घरी जायचा आणि शेतीचा कार्यक्रम ऐकायला सगळे त्याच अंगणात जमायचे. मी सेक्रेटरी. बौद्धपुऱ्यातल्या एका घराची पाळी आली तेव्हा चारजण मला म्हणाले, "तिकडं आमी येणार नाई." मंडळ मोडू नये म्हणून मी त्या घरी जाऊन सांगितलं, सेल उतरले, या आठवड्यात रेडिओ बंद. अंगण ताजं सारवलेलं होतं, सतरंजी मागून आणलेली. घरधनी म्हणाला, "मंग काय झालं? मले द्या, उन्हात ठेवतो." द्यावे लागले. पुढच्या आठवड्यात पाळी दुसऱ्या घरी गेली, तिथं तो दुपट्ट्यात गुंडाळून सेल घेऊन आला. रेडिओ खणखणीत लागला. "पाहा भाऊ, कसा वाजून राह्यला!" तो हरखून म्हणाला आणि अंगणाच्या कडेला उभ्यानंच ऐकत राहिला. त्या चौघांनी त्याला शाबासकी दिली. मीही दिली. बायको म्हणतेय, टीव्ही लावा. मी सेल मुठीत धरून बसलोय.