एक्केचाळीस नंबरचं कार्ड

गेले दोन महिने मास्तर डाव्या पायातला मोजा कुणासमोर काढत नव्हते. झोपताना नाही, जेवताना नाही. आंघोळ दाराला कडी लावून आणि मोजा बदलायचा तो भिंतीकडे तोंड करून. घरात बायको आणि लग्नाला आलेली मुलगी, दोघी सख्ख्या, पण मास्तरांनी ताकास तूर लागू दिली नाही. तळव्याला जखम आहे एवढंच त्या दोघींना ठाऊक होतं. ती केवढी आहे, हे फक्त मास्तरांना आणि डॉक्टरांना.

"साखर वीस वर्षांची आहे तुमची," डॉक्टर म्हणाले होते. "तीन महिने हा पाय जमिनीला टेकवायचा नाही. नाहीतर पुढे काय होतं, ते तुम्हाला मी काय सांगायचं!"

खरंच सांगायची गरज नव्हती. मास्तर पायच बनवायचे. कृत्रिम पायांच्या वर्कशॉपात तीस वर्षं काढलेला माणूस. अलीकडे तिथे सगळं काम लांबच्या एका युद्धाचं होतं. तिथले मदतवाले जखमींच्या उरलेल्या पायावर प्लास्टर लावून साचा घ्यायचे आणि मापांच्या यादीसकट पाठवायचे. नावं येत नसत, नुसते नंबर. वर्कशॉपातल्या मॅनेजरबाई यादीवरून एकेका नंबरचं कार्ड लिहायच्या, कार्डाबरहुकूम पाय तयार व्हायचा आणि तीन महिन्यांतून एकदा गाडी भरून जायची. अशा कामात तीन महिने घरी बसायचं म्हणजे काय गंमत आहे?

शिवाय मास्तरांनी वर परस्पर बोलणी केलेली होती. रोज सकाळी मशीन सुरू करण्याआधी ते डोळे मिटून उभे राहायचे आणि म्हणायचे, "देवा, तुझी माणसं मी उभी करतो. माझा पाय तू सांभाळ." देवानं हो म्हटल्याचं त्यांच्या ऐकण्यात नव्हतं. पण नाही तरी कुठे म्हटलं होतं?

मग एका मंगळवारी त्यांना बायको मॅनेजरबाईंच्या केबिनमधून बाहेर पडताना दिसली. हातात पिशवी, चालणं घाईचं. मास्तर कपाटाआड झाले.

संध्याकाळी त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आज कुठे बाहेर गेली होतीस का गं?"

"मी? कुठे नाही. तुमच्या गोळ्या आणल्या फक्त."

मुलगी टीव्हीवर युद्धाच्या बातम्या बघत होती. तिनं आवाज वाढवला. मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली. दुसऱ्या दिवशी दाराजवळ त्यांचा जुना बूट एकटाच होता. उजवा. डावा गेला कुठे म्हणून विचारलं, तर मायलेकी एकमेकींकडे बघून म्हणाल्या, "असेल इथेच कुठेतरी." त्यानंतर मास्तर स्वयंपाकघरात शिरले की आतलं बोलणं थांबायचं. बायकोनं दिलेली गोळीसुद्धा ते उलटीपालटी करून बघायला लागले. एकदा संशयाचं भूत मानगुटीवर बसलं की गोळीही वाकडी दिसते.

शुक्रवारी त्यांच्या टेबलावर नवीन कार्डांचा गठ्ठा आला. त्यात एक्केचाळीस नंबर. पुरुष. वय सत्तावन्न. पाय डावा, गुडघ्याखाली. पावलाचं माप आठ. काम, दिवसभर उभ्यानं.

मास्तरांनी कार्ड पुन्हा एकदा वाचलं. सत्तावन्न त्यांचं वय. आठ त्यांचं माप. उंची आणि वजनही त्यांचंच, किलोभर इकडेतिकडे. म्हणजे सगळं ठरलं होतं तर! डॉक्टर, बायको, मॅनेजरबाई, सगळे सामील. आधी पाय तयार करायचा, मग याला टेबलावर आडवा करायचा, आणि तो पाय करणार कोण? हाच!

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कार्डाच्या चार घड्या घातल्या आणि ते शर्टाच्या खिशात टाकलं. कार्ड नाही तर पाय नाही, आणि पाय तयार नाही तर कापायची घाई कोण करील? तीस वर्षांच्या अनुभवी माणसाचा हा हिशोब! कार्डाबरोबर साचा असतो, तो गोदामात जाऊन बघावा, हे काही त्यांना सुचलं नाही. सुचलं असेल तर त्यांनी ऐकलं नाही.

नऊ दिवस कार्ड खिशात होतं. शर्ट बदलला की कार्डही नव्या खिशात जायचं. पाय मात्र रोज जमिनीवरच होता आणि मोजा आतून चिकटायला लागला होता.

दहाव्या दिवशी गाडी भरायची होती. दुपारी मॅनेजरबाई एक पिशवी घेऊन आल्या.

"मास्तर, चाळीसच पाय झालेत. हा एक साचा उरलाय, याचं कार्डच सापडत नाही."

त्यांनी साचा टेबलावर ठेवला. वर पेन्सिलीनं एक्केचाळीस लिहिलेलं. मास्तरांनी तो उचलून आत पाहिलं. गुडघ्याखाली वीतभर पाय, आणि मग काहीच नाही. टोकाला आडव्या व्रणाची वळी उमटली होती. व्रण जुना, भरलेला. प्लास्टरमध्ये दोन केस अडकले होते, एक काळा, एक पिकलेला. हा पाय केव्हाच गेलेला होता. मास्तर आपल्या दोन्ही पायांवर उभे होते.

"गाडी किती वाजता?" त्यांनी विचारलं.

"चारला. आता कुठला होतोय हा? दोन दिवस तरी लागतात. जाईल पुढच्या गाडीला, तीन महिन्यांनी. त्या बिचाऱ्याला कळवायला हवं. या गाडीनं पाय येतोय म्हणून सांगून ठेवलंय त्याला."

मास्तरांनी खिशातून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. घामानं ते मऊ झालं होतं.

"तुमच्याकडे होतं?"

"मला वाटलं, माझं आहे."

मॅनेजरबाईंना समजायला थोडा वेळ लागला. मग त्या केबिनमध्ये गेल्या आणि मास्तरांचा डावा बूट घेऊन आल्या. आत मऊ, जाड तळ बसवलेला होता.

"तुमच्या मिसेस याच्यासाठी आल्या होत्या. आणि तुम्हाला बसून करायचं काम द्या म्हणाल्या. तुम्ही चिडाल म्हणून सांगू नका म्हणाल्या."

मास्तरांना इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्यांच्याच वयाचा, उभ्यानं काम करणारा कुणी तिकडे आज गाडीची वाट बघत असेल, आणि त्याचा पाय यांनी नऊ दिवस खिशात घालून हिंडवला होता.

घरी येऊन ते खुर्चीत बसले आणि त्यांनी मोजा सोलून काढला. मुलीनं टीव्ही बंद केला. बायको पायाशी बसली आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

"अहो, हे घेऊन हिंडत होतात?"

"तीन महिने बसायचं म्हणाले होते ना डॉक्टर? बसतो."

"दोन महिने घसा कोरडा केला मी. आज काय झालं?"

"तिकडे एक जण बसलाय, माझ्यामुळे," मास्तर म्हणाले आणि रडायला लागले.

डॉक्टरांनी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढलं. उरलेलं पाऊल वाचेल, असं ते म्हणाले, पण शब्द दिला नाही. महिन्याभरानं मॅनेजरबाईंनी साचा घरी पाठवला. मास्तर डावा पाय स्टुलावर ठेवून टेबलाशी बसले, समोर एक्केचाळीस नंबर ठेवला आणि सवयीनं डोळे मिटले. जुनी बोलणी त्यांना पाठ होती, पण तोंडातून निघेनात.

"देवा, त्याला कळव," शेवटी ते म्हणाले, "काम सुरू केलंय म्हणावं."