रिकाम्या फोल्डरांची रांग

चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्यात बसच्या सीटा बनतात. सीट बनवायच्या आधी ती कॉम्प्युटरवर मोडून बघतात. बस भिंतीवर आदळली तर सीटचा पाया उपटेल का, बोल्ट तुटतील का, बसलेल्या माणसाची मान किती झटक्याने पुढे जाईल, हे सगळं आकड्यांत काढावं लागतं. एका धडकेचा हिशेब एकट्या कॉम्प्युटरला झेपत नाही, म्हणून बत्तीस कॉम्प्युटर एकमेकांना जोडून एका थंड खोलीत ठेवले आहेत. त्याला क्लस्टर म्हणतात. ती खोली माझ्या ताब्यात आहे. गेल्या उन्हाळ्यात त्या खोलीचं दार भर दुपारी पहारीने फोडण्यात आलं. आत चोरण्यासारखं कुणाला काही नको होतं. आत एक माणूस होता, तो हवा होता.

क्लस्टर सगळ्या खात्यांचा मिळून एक. ज्याला हिशेब चालवायचा तो आपला जॉब रांगेत टाकतो. कुणाचा आधी चालवायचा हे मी ठरवत नाही, प्रोग्रॅम ठरवतो. प्रत्येक जॉबला तो प्रायॉरिटीचा एक आकडा देतो. मोठा आकडा आधी. हा आकडा म्हणजे तीन तुकड्यांची बेरीज: जॉब किती काळ थांबलाय, त्या खात्याने अलीकडे मशीन किती वापरली, आणि जॉब केवढा आहे. एक कमांड दिली की प्रत्येकाची बेरीज तुकड्यांसकट समोर येते. पूर्वी ही कमांड माझ्याशिवाय कुणी देत नसे. पोरं दारातून डोकं आत घालून विचारायची, "काका, माझं कधी लागतंय?" मी बघून सांगायचो. माझ्यावरच चिडून निघून जायची.

मग नवे मॅनेजर साहेब आले. त्यांचं म्हणणं, रांग सगळ्यांना दिसली की कुरकुर थांबते. पॅसेजमधल्या ज्या टीव्हीवर पाहुण्यांना धडकांच्या फिल्मा दाखवत, त्यावर त्यांनी प्रायॉरिटीची यादी लावायला सांगितली. दर मिनिटाला आकडे बदलत. कुरकुर थांबली हे खरं. तिच्या जागी शिव्या आल्या. पहिल्याच आठवड्यात एकाने दुसऱ्याच्या शर्टावर गरम चहा ओतला. पुढच्या आठवड्यात एकाचा चष्मा पायाखाली चिरडला गेला. आता प्रत्येकाला आपला आकडा दिसत होता आणि आपल्या वर नाव कुणाचं आहे तेही दिसत होतं. मी मधून बाजूला झालो होतो, आणि मला ते बरं वाटत नव्हतं.

सीटच्या खात्यात दोन इंजिनिअर होते. आम्ही त्यांना थोरला आणि धाकटा म्हणत असू. थोरला पर्मनंट, चाळिशीचा, पिशोरकडचा. घरी बागायत जमीन, आणि दोघा भावांचं औरंगपुऱ्यात हार्डवेअरचं दुकान. धाकटा कंत्राटावर, तिशीच्या आतला. त्याचं गावही तिकडचंच, पण वडील मेंढरं राखणारे. दोघांची जीभ सारखीच तिखट.

धाकट्याचं सगळं एका ब्रॅकेटवर अडलं होतं. सीटचा पाय बसच्या तळाला धरून ठेवणारा पोलादी तुकडा, त्याने स्वतः आखलेला. शनिवारी गिऱ्हाईक येणार होतं. ब्रॅकेट धडकेत टिकतो हे आकड्यांत दाखवलं तर ऑर्डर, आणि ऑर्डर आली तर धाकटा पर्मनंट. साहेबांनी तसं तोंडी कबूल केलं होतं. नाहीतर महिनाअखेर कंत्राट संपत होतं. त्याच्या जॉबला सगळी मशीन साधारण एक दिवस लागणार होती.

बुधवारी दुपारच्या जेवणाआधी तो माझ्या खोलीत आला आणि उभ्यानेच बोलू लागला.

"काका, माझ्या वर दादाचे सहा जॉब हायेत. बघा जरा."

मी कमांड दिली. खातं एकच, म्हणून वापराचा तुकडा सारखा. सगळे जॉब सगळी मशीन मागणारे, म्हणून आकाराचा तुकडाही सारखा. फरक होता फक्त थांबण्याचा. थोरल्याचे सहाही जॉब दोन आठवड्यांपासून रांगेत होते.

"त्याचे आधी आलेत. त्याचे आधी जाणार," मी म्हणालो.

"त्याचे फोल्डर उघडून बघा."

मी बघितले. सहाच्या सहा रिकामे. जॉबमध्ये एवढंच लिहिलेलं, की या फोल्डरमध्ये जे असेल ते चालव. आकडा रांगेत वाढत राहणार, आणि जॉब वर येईपर्यंत जे काम हाती असेल ते थोरला आत टाकणार. काम नसताना धरून ठेवलेली जागा होती ती.

"आमच्या गल्लीत टँकर आला की ज्याचा माणूस हजर नाय त्याचं भांडं लाथेनं उडवत्यात," धाकटा म्हणाला. "तुम्ही पण उडवा."

"उडवतात, आणि मग डोकी फुटतात. आमच्या कॉलनीत मागच्याच महिन्यात एका बाईच्या कपाळाला हंडा लागून टाके पडले."

"म्हंजे नाय काढणार."

"लेखी आल्याशिवाय मी कुणाच्या जॉबला हात लावत नाही. तुझ्याही नाही. आत्ता साहेबांना मेल टाकतो."

"साहेब पुण्यात हायेत. उद्या बघतील मेल. तवर त्यानं एकेक भरला तर माझा शनिवार गेला ना, काका."

मी त्याच्यासमोरच मेल लिहिला. तो पूर्ण न वाचता बाहेर गेला.

पॅसेजमध्ये टीव्हीखाली थोरला चहा पीत उभा होता. दार उघडं असल्याने मला सगळं ऐकू आलं.

"काय रे, टीव्हीवर मेंढरं मोजतो का?"

"मेंढरं मोजली तर बेरीज बरोबर येती, दादा. तुमच्या फोल्डरात तर एक शेरडू बी नाय."

चहा पिणारे दोघे-तिघे हसले. थोरल्याला ते हसणं झोंबलं. "माझ्या फोल्डरात हात घालतो? बापानं दुसऱ्याच्या रानात मेंढरं घातली, आता तू इथं घाल. तीस तारखेला जाशील ना हाकीत."

पहिला ठोसा धाकट्याचा. थोरल्याच्या तोंडावर बसला, कपासकट. कपाची कड ओठात घुसली. थोरला धिप्पाड माणूस. त्याने धाकट्याचा गळा धरून त्याला भिंतीवर दोनदा आपटलं. तिसऱ्यांदा आपटायच्या आधी धाकट्याच्या हाताला भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं लागलं. ते त्याने दोन्ही हातांनी उचललं आणि थोरल्याच्या जबड्यावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज मी फिल्ममध्ये कधी ऐकलेला नाही, कारण आमच्या फिल्मांना आवाज नसतो. तो आवाज ओलं लाकूड मोडल्यासारखा असतो. थोरला पडला. धाकट्याने दुसरा घाव टीव्हीवर घातला. काच थोरल्याच्या अंगावर सांडली.

लोकांनी थोरल्याला उचलून गाडीत घातलं. त्याच्या दोन दाढा फरशीवर राहिल्या. सफाईवाल्या मावशींनी त्या कागदात गुंडाळून मला आणून दिल्या आणि विचारलं, "ह्याचं काय करू, काका?" गाडी अजून गेटवरच होती. मी त्या गाडीबरोबर पाठवल्या.

धाकटा गेटकडे गेला नाही. तो माझ्या खोलीत येऊन कॉम्प्युटर रचलेल्या रॅकांच्या मागे खाली बसला. त्याचे हात कोपरापर्यंत लाल होते. मी पोलिसांना फोन केला आणि तसं त्याला सांगितलं.

"करा," तो म्हणाला. "पण माझा जॉब काढू नका."

पोलिसांच्या आधी औरंगपुऱ्यातून थोरल्याचे भाऊ आले. एक जीप आणि तीन मोटारसायकली. बरोबर चुलतभाऊ, पाहुणे. हातात कुदळीचे दांडे, दुकानातले नवेकोरे; काहींवर किमतीची लेबलं तशीच होती. गेटवरच्या वॉचमनने फाटक लावायचा प्रयत्न केला, तर त्याच्या गुडघ्यावर दांडा बसला. तो ओरडला तेव्हा मी खोलीचं दार आतून लावलं आणि दोन्ही कड्या सरकवल्या.

"त्याला बाहेर द्या, काका!" थोरल्याचा भाऊ दाराबाहेरून ओरडला. "तुमच्याशी आमचं काय वैर नाय."

"पोलीस येतायत. त्यांच्या ताब्यात देतो."

"आमच्या ताब्यात द्या. त्यानं जबडा फोडला, आम्ही पाय फोडतो. हिशेब बरोबर."

दारावर दांडे पडू लागले. माझ्या टेबलावरच्या स्क्रीनवर यादी चालूच होती, आणि मशीनवरचा जुना जॉब तेवढ्यात संपला. आता रांगेत सगळ्यात वर थोरल्याचा पहिला जॉब. तो सुरू झाला. फोल्डर रिकामं. भरणारा माणूस दवाखान्यात, त्याचा पासवर्ड दुसऱ्या कुणाकडे नाही. चार सेकंदांत जॉब चूक दाखवून संपला. दुसरा सुरू झाला, संपला. तिसरा. बाहेर पहार आली होती. चौकटीतून सिमेंटचे तुकडे उडत होते. चौथा, पाचवा. धाकटा रॅकांमागून उठून माझ्या खांद्याशी येऊन उभा राहिला होता. सहावा संपला आणि धाकट्याच्या नावापुढे 'चालू' आलं.

"लागला," तो म्हणाला, आणि हसला. त्याच क्षणी वरची कडी तुटली.

ते सात-आठ जण होते. मी मध्ये उभा राहिलो तो शौर्याने नाही, तेवढीच जागा होती. पहिला दांडा माझ्या डाव्या हातावर बसला आणि हात मनगटाच्या वर मोडला. धाकट्याला त्यांनी केसांना धरून बाहेर ओढलं. त्याने रॅकच्या कडेला धरलं नाही. धरलं असतं तर वायरी उपटल्या असत्या. पॅसेजमधल्या काचांवर पाडून त्यांनी त्याला मारलं. तो ओरडत नव्हता, ते मोजत होते. दोन्ही पाय मोडल्यावर थांबले. एकजण परत आत आला, दांडा उचलून रॅकांकडे बघू लागला. मी म्हणालो, "ह्यात तुमच्या भावाचं पण काम आहे." त्याने दांडा खाली घेतला. मग पोलीस आले.

संध्याकाळी हात प्लास्टरमध्ये घालून मी परत कामावर बसलो. पुण्याहून साहेबांचा फोन आला. "त्याचं अकाउंट बंद करा. जॉबपण काढा."

"लेखी द्या, साहेब."

त्यांनी मेल पाठवला. मेलमध्ये अकाउंट बंद करा एवढंच लिहिलं होतं, जॉबचं काही नव्हतं. मी अकाउंट बंद केलं. अकाउंट बंद झालं तरी चालू जॉब चालत राहतो. मी साहेबांना पुन्हा विचारलं नाही.

जॉब गुरुवारी दुपारनंतर संपला. बस आदळली, माणूस पुढे फेकला गेला, ब्रॅकेट वाकला पण सुटला नाही. ताण मर्यादेच्या आत. शनिवारी साहेबांनी ते आकडे गिऱ्हाइकापुढे ठेवले आणि ऑर्डर मिळाली. कागदावर खात्याचं नाव होतं, माणसाचं नव्हतं. धाकट्याला बडतर्फीचं पत्र त्याच दिवशी निघालं, आणि ते सरकारी दवाखान्यात नेऊन द्यायचं काम माझ्याकडे आलं. त्या बाजूने घरी जाणारा मीच.

तो पलंगावर होता. दोन्ही पाय वजनं बांधून ताणलेले, हाताला सलाईन. दाराशी पोलीस शिपाई बसलेला. उशाशी गावाकडून आलेली आई, पदर कमरेला खोचलेला.

"टिकला का?" त्याने विचारलं.

"टिकला. ऑर्डर आली."

त्याने डोळे मिटले. आईला एवढंच कळलं की काहीतरी पास झालंय. ती उठून माझ्या पाया पडायला वाकली. "लई उपकार झाले, साहेब. म्हंजे कायम झाला ना ह्यो? पाय बसले की जायाचं ना कामावर?"

तो मला डोळ्यांनी नको म्हणत होता. पण पत्र माझ्या खिशात होतं, आणि ते मिळाल्याची त्याची सही घेतल्याशिवाय मला परत जाता येणार नव्हतं.

"नाही, माय," मी म्हणालो. "त्याला काढलंय. केसपण होणार."

 ती वळली आणि त्याच्या तोंडावर सणसणीत चपराक मारली. मग दुसरी. "मेंढरं इकून शिकिवला तुला!" तिसऱ्या वेळी त्याने तोंड वाचवायला हात वर केला, तिचा हात सलाईनच्या नळीत अडकला आणि सुई उपसली गेली. रक्त चादरीवर उडालं. ती तिथेच फरशीवर बसून कपाळ पलंगाच्या लोखंडावर आपटू लागली. शिपायाने धावत येऊन तिला धरलं.

मी माझ्या धड हाताने त्याचं मनगट पकडलं आणि सुईच्या जागेवर अंगठा दाबून उभा राहिलो, नर्स येईपर्यंत.